पळसखंडाचे तायडे काका

तायडे काकांनी आम्हां तिघांना एका पुलावर तीन रविवार अडवून ठेवलं होतं. पुलाच्या पलीकडे काळडोंगर, काळडोंगरात ड्रॅगन आणि ड्रॅगनच्या बुडाखाली खजिना. आमच्याकडे तलवार होती, मंत्र होते, वाटेवरच्या दशम्या होत्या. पूल चांगला दगडी, नवा कोरा, कठड्याला रंगसुद्धा दिलेला. तरी पलीकडे जाता येत नव्हतं. पूल बांधून झाला होता, पण बांधणाऱ्या खात्याकडून वापरणाऱ्या खात्याकडे तो अजून हस्तांतरित झाला नव्हता.

"काका, पूल समोर दिसून राहिला ना?" सलीमभाईंनी विचारलं.

"दिसून राहिला."

"मजबूत हाय?"

"हत्ती गेला तरी हालत नाही."

"मंग जाऊ द्या ना!"

"तसं नसते ना बाप्पा," काका म्हणाले. "जोपर्यंत घेनाऱ्यानं घेतलं नाही, तोपर्यंत देनारा सुटला नाही. कार्यभार म्हंतात त्याले."

हा पूल अमरावतीत नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी शोधायला निघायचा. तो पळसखंडात आहे, आणि पळसखंड राजापेठेच्या मागच्या एका गल्लीत, तायडे काकांच्या गच्चीवरच्या खोलीत आहे. दर रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथे जमतो. समोर काय घडतं आहे ते काका सांगतात, आमचं पात्र आता काय करणार ते आम्ही सांगतो, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. लहानपणी आपण चोर-पोलीस खेळायचो, त्यातलाच प्रकार. फक्त काकांच्या पोलिसाला सेवापुस्तक असतं आणि चोराला जामीनदार लागतो.

मी पन्नाशीचा माणूस. राजापेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. स्वभाव तापट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात, पण येतात. कारण दुकानाचा एक नियम मी कधी मोडलेला नाही: नंबर जो असेल तोच सांगायचा. पोरीचं जमवायचं आहे, पाहुण्यांसमोर एक नंबर कमी सांगा, असं म्हणणारे बाप मी दुकानातून परत पाठवले आहेत. बाकी मी दुकानदार आहे, पण आकड्यात खोटं बोलत नाही.

काका निवृत्त झाल्यावर चष्मा करायला आले. इतर लोक फ्रेम घालून आरशात बघतात. काकांनी खिशातून घडी केलेला नकाशा काढला, काउंटरवर पसरला, त्यातल्या एका रेघेवर बोट ठेवलं, मग मान वर करून माझ्याकडे रोखून पाहिलं, पुन्हा खाली, पुन्हा वर.

"नदी दिसली पाह्यजे अन् समोरच्याचं तोंडही दिसलं पाह्यजे," ते म्हणाले. "दोन्ही एकाच चष्म्यात."

मी विचारलं, "कोणती नदी?"

इथे माझं चुकलं. तासाभराने मला त्या नदीचा उगम, तिचे दोन्ही कालवे आणि डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या गावांची तक्रार पाठ झाली होती, आणि येत्या रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खायला जाणार होतो.

काका एका सरकारी कार्यालयात अनुरेखक होते. साहेबाने काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर हुबेहूब उतरवायचा, हे अनुरेखकाचं काम. काकांनी अख्खी नोकरी कालवे उतरवले. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला गेले, तेव्हा त्यांना या खेळाचा शोध लागला. मुलगा आणि त्याचे मित्र टेबलाभोवती बसून संध्याकाळभर बोलले आणि शेवटी म्हणाले, आम्ही ड्रॅगन मारला. काका कोपऱ्यात बसून ऐकत होते.

"मी म्हंतलं, मारला तं मारला, पंचनामा कोनं केला? पोट्टे हासले," काका सांगतात. "त्याईच्या गावात हाटेल हाय, जादूगर हाय, तलवारीचं दुकान हाय. पान्याची टाकी कुठी हाय, कोनालेच माहीत नाही. मंग लोक पेतात काय?"

परत येताना मुलाकडून तो वीस बाजूंचा फासा मागून आणला आणि काकांनी पळसखंड पाण्यापासून सुरू केलं. आधी नद्या काढल्या, मग कालवे, मग त्या पाण्यावर जगतील एवढीच गावं. राजा सगळ्यात शेवटी आला. तो आहे, पण सहीपुरता. पळसखंडातला एकही कालवा कोरडा नाही. नोकरीत उतरवलेल्या कालव्यांपैकी खणले गेले किती, असं मी एकदा विचारलं होतं. "नकाशे बाकी चांगले झाले होते," एवढंच काका म्हणाले आणि त्यांनी मला अजून पोहे वाढले.

नकाशा आता इतका वाढला आहे की खोलीत मावत नाही. उन्हाळ्यात तो गच्चीवर पसरतात. तिथे काकूंच्या कुरडया वाळत असतात, त्यामुळे उत्तरेकडचा बराचसा प्रदेश मे महिन्यात आम्हाला बंद असतो.

राज्य चालवायचं म्हणजे रविवारपुरतं चालवून भागत नाही. काका रोज सकाळी दात घासल्यावर फासा टाकून पळसखंडाचं हवामान ठरवतात. तिकडे ढगफुटी झाली की इकडे त्यांचा दिवस जातो. एकदा मधल्या वारी मी त्यांच्याकडे गेलो तर काका भिंतीकडे तोंड करून झोपलेले.

"बरं नाही का?" मी काकूंना विचारलं.

"बरे हायेत. कालपासून धड जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "तिकडं कपाशीवर बोंडअळी आली म्हंतात."

"मग फासा पुन्हा टाकायचा."

"मीही तेच म्हंतलं तं माह्यावरच चिडले."

फाशाच्या बाबतीत काकांशी बोलायची सोय नाही. फासा नेहमी स्टीलच्या ताटात पडतो, सगळ्यांच्या देखत, आणि पडेल तो आकडा कायम. मुलाकडचे पोट्टे म्हणे पुठ्ठ्याच्या आड लपवून फासा टाकतात आणि गोष्ट रंगावी म्हणून आकडा बदलून सांगतात. हे सांगताना काकांचा आवाज खाली जातो, जसा एखाद्याच्या घरातली भानगड सांगताना जावा. "मोजलं ते मोजलं. खाडाखोड नाही," हे त्यांचं वाक्य. दुसरं वाक्य "नोंद घेतली." तुम्ही कितीही आरडाओरडा करा, काका शांतपणे नोंद घेतात आणि पूल बंदच राहतो.

पळसखंडात देव नाहीत. काकांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी देव सोडायचा जो निर्णय झाला तो त्यांनी राज्यालाही लागू केला. त्यामुळे इतरांच्या खेळात जखमा हात ठेवून बऱ्या करणारे पुजारी असतात, ते आमच्याकडे नाहीत. आमच्याकडे दवाखाना आहे. काकू भातकुलीकडच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, त्यामुळे या खात्यात त्यांचा शब्द अखेरचा. माझा योद्धा रणधीर एकदा तीन राक्षस आडवे करून, खांद्यात भाला घेऊन, धापा टाकत राजधानीत पोचला. काकू दाराशी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं का?"

"कोणी?"

"तुमच्या रणधीरनं."

नव्हतं घेतलं. रणधीर पुढचे दोन रविवार पडून होता.

आमच्या टोळीत मी सोडून दोघं. सलीमभाईंचं टू-व्हीलरचं गॅरेज माझ्या दुकानाला लागून आहे. ते जादूगार आहेत आणि कुठलीही अडचण उडून जाऊन सोडवावी असं त्यांचं मत असतं. दुसऱ्या धोटे मॅडम, गणिताच्या शिकवण्या घेतात. त्या चोर आहेत. नाव छबू. मॅडमचं माहेर अकोल्याचं, आणि पळसखंडाच्या पश्चिमेला काकांनी एक राज्य केलं आहे, तिथे सूर्य इतर ठिकाणांपेक्षा अर्धा कोस खाली आहे आणि लोक साधा रस्ता विचारला तरी अंगावर येतात. मॅडमनी पहिल्याच रविवारी विचारलं, "हे अकोला आहे का?" काका म्हणाले, "नोंद घेतली." ते राज्य अजून तिथेच आहे, पण मॅडमच्या हट्टामुळे तिथली तूरडाळ सगळ्यात चांगली ठरली.

आता उकंडरावांविषयी सांगायला हवं.

राजधानीच्या वेशीला एक नकाशाघर आहे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने तिथून वाटेचा नकाशा उतरवून घ्यायचा. तो उतरवून देणारा बाबू म्हणजे उकंडराव. काका त्याच्यासाठी नाकातून आवाज काढतात आणि दर वाक्याआधी खोकतात. "ख्खं... कुठी जाता? ख्खं... पावती घ्या." आम्ही मोठमोठ्या मोहिमांवर निघायचो आणि उकंडराव आम्हाला रेघ वाळेस्तोवर थांबवून ठेवायचा. एकदा सलीमभाईंचं डोकं फिरलं आणि त्यांनी मंत्र टाकून उकंडरावाचा बेडूक केला. फासा उत्तम पडला, मंत्र लागला. काकांनी बेडूक मान्य केला.

"चला, सुटलो," सलीमभाई म्हणाले.

"कसे सुटले? ऑफिसची वेळ संपली नाही अजून," काका म्हणाले. बेडकाने टेबलावर उडी मारून रेघ पुरी केली आणि पायाने शिक्का दाबून पावती दिली.

काकूंनी एकदा दुकानात येऊन जे सांगितलं, ते इथे सांगतो. चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून आल्या होत्या. मी स्क्रू बसवत होतो, त्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या. काकांच्या कार्यालयात कुणी निवृत्त व्हायचा असला की सगळं काकांकडे असायचं. शाल, नारळ, खुर्च्या, साहेबाचं भाषण लिहून देणं. आणि शेवटी, निवृत्त होणाऱ्याला साहेबाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून घरच्या दारापर्यंत सोडायचं. ही पद्धत काकांनी शिपायापासून सगळ्यांसाठी लावून धरली होती. एकदा एका शिपायाला सोडायला जीप गेली आणि खुद्द साहेब ऑटोने घरी गेले, हे सांगताना काकू हसल्या.

"अन् याईचा दिवस आला तं सगळं बंद," त्या म्हणाल्या. "साथ होती ना. ऑफिसात हे एकलेच. साहेब फोनवरच बोलले. किल्ली टेबलावर ठेवली अन् स्कूटरनं आले घरी. मी तं दवाखान्यात. आमाले घरी येऊच देत नव्हते तेव्हा, तिकडंच झोपत होतो. कुलूप यायनंच खोललं, चहाही स्वताच केला. मले संध्याकाळी फोनवर म्हंतात, वाचलो भाषणापासून."

"नंतर कार्यक्रम केला असता त्यांनी."

"दोन खेपा बलावलं ऑफिसवाल्याईनं. हे म्हंतात, तारीख गेली. गेल्या तारखेत काही करता येत नाही."

मी स्क्रू घट्ट केला आणि पैसे घेतले नाहीत. काकूंनी ते काउंटरवर ठेवले आणि गेल्या.

पूल अखेर हस्तांतरित झाला. कडाक्याच्या थंडीतल्या एका रविवारी आम्ही ड्रॅगनच्या गुहेच्या तोंडाशी पोचलो. वर्षभराची मेहनत होती. वाटेत ड्रॅगनने खाल्लेल्या बैलांच्या पंचनाम्यांवर आम्ही पंच म्हणून सह्या केल्या होत्या, तेव्हा कुठे गावकऱ्यांनी वाट दाखवली. सलीमभाईंनी त्या दिवसासाठी गॅरेज बंद ठेवलं होतं. आतून धूर येत होता. मी तलवार उपसली.

काका म्हणाले, "राजधानीतून बातमी आली हाय. उकंडराव आज रिटायर होऊन राहिले."

"होऊ द्या ना काका," सलीमभाई म्हणाले. "ड्रॅगन झोपला का जागा हाय?"

"राजधानीत तापाची साथ हाय. वेशी बंद. रस्त्यावर कोनी नाही." काका नकाशाकडे बघत होते. खोकत नव्हते, नाकातून बोलत नव्हते. "नकाशाघरात आज उकंडराव एकलेच. त्याईनं दौती धुतल्या. कपाट बंद केलं. किल्ली टेबलावर ठेवली, अन् पायीच घराकडं निघाले."

काकू दाराशी शेंगा सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"झालं. एवढीच बातमी," काका म्हणाले. "ड्रॅगन जागा हाय. टाका फासा."

आम्ही फासा टाकला. ड्रॅगन बाहेर आला, पण त्यात जीव नव्हता. काका चार शब्दांत आग ओकायला लावत होते. शेवटी धोटे मॅडम म्हणाल्या की त्यांना जादा तासाला जायचं आहे, आणि ड्रॅगन तसाच तोंड उघडून उभा राहिला.

जिन्यात मी दोघांना काकूंनी सांगितलेलं सांगितलं. मॅडमचा जादा तास बाजूला राहिला; गॅरेजच्या बाकावर बसून आम्ही तिघं विचार करत राहिलो. माझं म्हणणं, एखादा छोटा हॉल घ्यावा, शाल आणावी, त्यांच्या जुन्या चार लोकांना बोलवावं.

"ते येणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "दोनदा नाही म्हटलंय. जे करायचं ते तिकडेच करावं लागेल."

"तिकडे तर अजून कठीण," मी म्हणालो. "तिथे तर त्यांचाच कायदा."

"मंग त्याईच्याच कायद्यानं करू," सलीमभाई म्हणाले. मॅडम एकदम गप्प झाल्या. कठीण गणित सुटायला लागलं की त्या तशा गप्प होतात, हे मला नंतर कळलं.

पुढच्या रविवारी आम्ही ड्रॅगनसमोर तलवार म्यान केली आणि सांगितलं, राजधानीत परत जायचं आहे, उकंडरावांचा निरोप समारंभ करायचा आहे.

काकांनी चष्मा वर सरकवला. "तारीख गेली. उकंडराव रिटायर झाले. गेल्या तारखेत काही होत नसते पळसखंडात."

"किल्ली कुठे ठेवली त्यांनी?" धोटे मॅडमनी विचारलं.

"टेबलावर."

"घेतली कोणी?"

"कोनी नाही. कोनी नव्हतंच ना तथी."

"म्हणजे कार्यभार दिला, पण घेतला कोणीच नाही," मॅडम म्हणाल्या. "जोपर्यंत घेणाऱ्यानं घेतलं नाही, तोपर्यंत देणारा सुटला नाही. पुलावर तीन रविवार तुम्ही आम्हाला हेच सांगत होता. उकंडराव रिटायर झालेच नाहीत, काका. ते अजून नोकरीवर आहेत."

काकांनी छताकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, ओठ हलवून काहीतरी मनातल्या मनात तपासलं. आपल्याच कायद्यात सापडलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याला राग आलेला नसतो. त्याला कायदा बरोबर निघाल्याचं थोडं समाधानच असतं.

"बराबर हाय," शेवटी ते म्हणाले. "नोंद घेतली."

मग मात्र त्यांनी नडायला सुरुवात केली. सभागृह मिळणार नाही, साथीनंतर रंगकाम चालू आहे. आम्ही म्हणालो, नकाशाघराच्या अंगणात. खुर्च्या? सलीमभाईंनी मंत्राने केल्या. शाल? बाजारात फासा टाकून मिळाली, जरा विटकी मिळाली. कार्यभार कोण घेणार? धोटे मॅडमची छबू पुढे झाली.

"चोराच्या हातात किल्ली?" काका म्हणाले.

"अनुभव आहे," मॅडम म्हणाल्या.

"अध्यक्ष कोन?"

"राजा. नाहीतरी सहीपुरताच आहे."

"अन् प्रमुख पाहुने?"

हे आम्ही ठरवलं नव्हतं. सलीमभाई म्हणाले, "ड्रॅगन."

"आग ओकते तो."

"भाषण तं लांबवणार नाही!"

काकांनी विचार केला. "अध्यक्ष म्हनून चाललं नसतं. प्रमुख पाहुना चालते," असा निर्णय देऊन त्यांनी ड्रॅगनला पहिल्या रांगेत, मंडपापासून जरा लांब बसवलं.

समारंभ झाला. माझा रणधीर दोन शब्द बोलायला उभा राहिला. मी दुकानदार माणूस, मला भाषण येत नाही. मी एवढंच म्हणालो की उकंडरावांनी दिलेल्या नकाशातली एकही वाट कधी खोटी निघाली नाही, आणि आम्ही जिवंत परत आलो ते त्यामुळे. सलीमभाईंचा जादूगार उठला. "मी याईले एक डाव बेडूक केलं होतं," ते म्हणाले. "गुस्से में केलं. बेडूक असूनही याईनं मले पावती देल्ली. माफी असावी." आणि ते एकदम खाली बसले. छबूने किल्ली घेतली आणि घेतल्याची सही केली.

"आता सत्काराला उत्तर," मॅडम म्हणाल्या.

काकांनी उकंडरावाचा आवाज लावला. "ख्खं... मी काही विशेष केलं नाही. साहेबाईनं काढलं, मी उतरवलं. ख्खं... रेघ सरळ यावी एवढंच पाह्यलं." तिथे आवाज नाकातून निघून गळ्यात आला. "बाकी सगळ्याईनं सांभाळून घेतलं. एवढंच."

आम्ही टाळ्या वाजवल्या. तिघांच्या टाळ्या कितीशा होणार, पण काकूंनीही शेंगा खाली ठेवून वाजवल्या.

काका नकाशा गुंडाळायला लागले, तेव्हा सलीमभाई म्हणाले, "थांबा. घरी सोडायला गाडी?"

काकांचा हात थांबला. "पळसखंडात जीप नाही."

"ड्रॅगन हाय ना. पुढच्या सीटवर बसवा त्याईले."

"ड्रॅगन कोनाले बसू देत नसते."

"फासा टाका," मी म्हणालो.

"पंधराच्या वर पाह्यजे," काका म्हणाले आणि ताट पुढे ओढलं. फासा त्यांनीच टाकला. तो खणखणत ताटाच्या काठावरून फिरला आणि मध्यभागी येऊन थांबला. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. दोन.

काका त्या दोनकडे बघत राहिले. हा माणूस बोंडअळीसुद्धा बदलत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच.

काकू उठल्या. ताटाजवळ आल्या, वाकून पाहिलं. "वीस हाय," त्या म्हणाल्या.

"दोन हाय," काका म्हणाले.

"चष्मा पुसा. वीस हाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "काहो चष्मेवाले, तुमचा तं धंदाच हाय. तुमाले किती दिसते?"

मी ताटात पाहिलं. माझी नजर चांगली आहे, जवळचीही आणि लांबचीही. फाशावर दोन होते.

"वीस," मी म्हणालो.

"नक्की?" काकांनी विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मीच करून दिलेल्या चष्म्यातून.

"आकड्यात मी खोटं बोलत नाही काका. सगळ्या राजापेठेला विचारा."

काकांनी फासा उचलून मुठीत धरला आणि ताट बाजूला सारलं.

"ड्रॅगन बसला खाली," ते म्हणाले. "उकंडरावले पुढं बसवलं. शाल अंगावर, नारळ मांडीवर. वरून सारं राज्य दिसून राहिलं त्याईले. जेवढे कालवे उतरवले, तेवढे सगळे दिसले. सगळ्याईत पानी होतं." ते थांबले. "मंग घरापाशी उतरले. गल्लीतले लोक पाहून राहिले. उकंडराव दारापाशी गेले, अन् खिशात किल्ली पाहून राहिले..."

"किल्ली कायले पाह्यजे?" काकू म्हणाल्या. त्या अजून तिथेच उभ्या होत्या. "मी घरीच हाय ना."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नकाशावर, राजधानीतल्या एका बारीक चौकोनावर बोट ठेवलं आणि आम्हां तिघांना म्हणाले, "दार उघडं होतं. नोंद घ्या."